दोन टाक्यांचा नकाशा

"सर, आमच्या शाळेला पाण्याची टाकी एकच आहे. तुमच्या नकाशात दोन कशा?"

प्रश्न टाचणीने विचारला, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. मागच्या बाकावरच्या गोलकीपर आणि बडबडी या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला पैज लावून उभं केलं होतं. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं गोलकीपर कुजबुजली होती. टाचणीला हिंमतीबद्दल डिवचायचं म्हणजे पंख्याचं बटण दाबून वारा येतो का ते बघायचं. ती ताडकन उभी राहिली.

सभागृहात हशा पिकला.

पडद्यावर नव्या रस्त्याचा नकाशा होता. रस्ते खात्याचे इंजिनिअर तो समजावून सांगायला मुद्दाम शाळेत आले होते, कारण मुलींच्या हँडबॉलच्या मैदानाची एक बाजू रस्त्यात जाणार होती. खाली ड्रोनने वरून काढलेला फोटो, त्यावर संगणकावर काढलेल्या रेघा. मधोमध तिरका जाणारा रस्त्याचा लाल पट्टा. पट्ट्याच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला निळ्या पत्र्यांचा बर्फाचा कारखाना. कारखाना पट्ट्याला खेटून होता, पण सुखरूप. मैदानाची कड मात्र लाल झाली होती.

नकाशा भरगच्च दिसावा म्हणून इंजिनिअरनी त्यातले असतील नसतील ते सगळे थर चालू केले होते. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. त्यातला कुठलासा जुना थर उजेडात आला आणि पंचाईत झाली. फोटोतली टाकी, गोल, सिमेंटची, लाल पट्ट्यात उभी. आणि रेघेने काढलेलं वर्तुळ, त्यावर सुबक अक्षरात 'टाकी' असं लिहिलेलं, चांगलं आत, शाळेच्या बाजूला.

इंजिनिअरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टाक्या दोनच राहिल्या.

"फोटो जरासा सरकलेला दिसतोय," ते म्हणाले.

"फोटो सरकलाय की रेघा?"

"खाली बस," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"बसते बाई. पण मग आमच्या मैदानातून रस्ता जातोय, की फोटोतल्या मैदानातून?"

आता कुणी हसलं नाही. इंजिनिअरनी प्रोजेक्टर बंद केला.

---

त्या संध्याकाळी आत्या घरी आली ती चप्पल न काढता तशीच खुर्चीत बसली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती याच घरात, मागच्या खोलीत राहायची आणि एका सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढायची. तिच्या रेघेला गावात मान होता. चप्पल घालून घरात आलेली आत्या टाचणीने जन्मात पाहिली नव्हती.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"सोमवारी रस्ते खात्यात बैठक आहे. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून चूक माझी, असं म्हणायचं. म्हटलं की नोकरी गेली. नाही म्हटलं तर कचेरीचं काम जाईल, म्हणजे सगळ्यांचीच नोकरी जाईल. कचेरीच्या मोठ्या सरांनी तोवर घरी बसायला सांगितलंय."

"पण चूक कसली?" बाबांनी विचारलं.

"आमच्या कचेरीने खात्याला दिलेल्या रस्त्याच्या नकाशातला फोटो सरकलाय. तिथल्या शाळेतल्या कुठल्याशा पोरीने भर सभेत विचारलं म्हणे, टाक्या दोन कशा."

आईने टाचणीकडे पाहिलं. बाबांनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने छताकडे पाहिलं.

"ती पोरगी," टाचणी म्हणाली, "उंच, बारीक, जरा नाक पुढे असलेली होती का?"

आत्याच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यातच त्याचं रडू झालं. टाचणीने आजवर शंभर प्रश्न विचारले असतील. एकाही प्रश्नाने कुणाला रडवलं नव्हतं.

"आता यात आणखी नाक खुपसू नकोस," बाबा म्हणाले.

"पुढेच आहे ते. मी काय करू?" ती आत्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. "आत्या, मला नीट सांग. फोटो सरकतो कसा?"

आत्याने डोळे पुसले. कामाचं बोलायला लागली की तिचा आवाज आपोआप ताठ व्हायचा.

"नकाशातल्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात. किती पूर्वेला, किती उत्तरेला. पण मोजायचं कुठून? ते निर्देशांक पद्धत ठरवते. आमच्याकडे दोन पद्धती चालतात, एक जुनी, एक नवी. फोटो संगणकात घेताना सांगावं लागतं की हा अमुक पद्धतीतला आहे आणि नकाशा तमुक पद्धतीतला. दोन्ही बरोबर सांगितलं की फोटो आपल्या जागेवर बसतो. चुकीचं सांगितलं की भलतीकडे."

"म्हणजे मी बाकाचं अंतर दारापासून मोजलं, बडबडीने फळ्यापासून, आणि दोघींनी एकमेकींना सांगितलंच नाही."

"अगदी तस्सं. मोठे सर म्हणतात, फोटो नव्या पद्धतीतला असताना मी जुनी निवडली. त्यांनी तपासून घेतलंय म्हणे."

"आणि तू?"

"मी नवीच निवडली होती, टाचणे. फोटो जागेवर बसलेला या डोळ्यांनी पाहिला." मग तिचा आवाज खाली आला. "पाहिला होता, असं वाटतं. आता माझाच माझ्यावर भरवसा उरलेला नाही."

टाचणीची कानशिलं गरम झाली. नोकरी जाणं तिला समजत होतं. पण आत्याने स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यावी? तिचा हा भरवसा कुणीतरी काढून घेतला होता. आणि तो परत आणायचा होता.

---

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. "आत्याचा चष्मा कचेरीत राहिलाय," असं सांगून टाचणी निघाली. चष्मा खरंच राहिला होता. टाचणी खोटं बोलायची नाही, फक्त खरं निवडून बोलायची.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. बाहेर तीन टेबलं, भिंतीला टेकवलेले तिपायी स्टँड, कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्यांचा ढीग. आत मोठ्या सरांची खोली.

पहिल्या टेबलावर ड्रोन उडवणारी मुलगी आपलं सामान खोक्यात भरत होती. तिला सगळे घार म्हणायचे.

"घारताई, कुठे निघालीस?"

"दुसरीकडे. नोकरी मिळाली. तू कोण? हां, आत्याबाईंची भाची. नाक सांगतंय."

"रस्त्याचा फोटो तूच काढलास ना?"

"मीच. का, वाकडा आलाय का?"

"सरळच आलाय. फक्त सरकलाय."

घारने खोकं आपटलं. "हे बघ, मी जमिनीवर खुणेच्या पांढऱ्या फुल्या मारल्या, त्यांच्या जागा मोजल्या, फोटो नव्या पद्धतीत बसवून दिला. माझ्याकडून निघाला तेव्हा ठीक होता. पुढचं मला विचारू नकोस."

"मग मूळ फोटो मला देतेस?"

"कशाला?"

"तो ठीक होता हे कुणीतरी दाखवायला नको का? तू तर चाललीस. उद्या तुझ्यावरही ढकलतील."

घारने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर टाकला. "परत आणून दे. आणि जपून. माझी वर्षभराची उड्डाणं आहेत त्यात."

दुसरं टेबल आत्याचं. तिसऱ्या टेबलावर आत्याचा सहकारी बसायचा. त्याची दाढी इतकी घनदाट होती की त्याला दुसरं नाव लागलंच नाही.

"ये, बाळा ये," दाढीकाका उठले. "उन्हातून आलीस. पाणी घे." त्यांनी थर्मासमधून बर्फाचा तुकडा काढून पेल्यात टाकला. मुठीएवढा, वेडावाकडा फुटलेला, काचेसारखा स्वच्छ. फ्रिजमधल्या चौकोनी खड्यांसारखा मुळीच नव्हता. "घे, घरचाच आहे. आत्या कशी आहे?"

"रडली."

"रडणारच. सोन्यासारखी बाई." दाढीकाकांनी उसासा टाकला. "मी तिच्यासाठी फार धडपडलो गं. म्हटलं, निदान चूक तिची नाही एवढं तरी सिद्ध होईल. फाइल उघडली. तर फोटोला जुनी पद्धत लावलेली. ती काढली, नवी लावली, आणि फोटो गपकन जागेवर बसला. टाकीवर टाकी. काय बोलणार?"

"तुम्ही स्वतः करून बघितलंत?"

"या हातांनी. नसतं बघितलं तर बरं झालं असतं."

"काका, आत्याच्या संगणकावर आणखी कोण बसतं?"

"कुणीही बसतं. कचेरी आहे, किल्ला नाही. मोठे सर, मी, घार. पासवर्ड सगळ्यांना पाठ."

"शाळेची टाकी नकाशात आली कुठून? तुमच्या रस्त्याच्या कामात तर फोटोच आहे."

"तेच तर मला कळत नाही," दाढीकाका म्हणाले. "असेल काहीतरी जुनं."

टाचणीने बर्फ चघळला. मग "आत्याचा चष्मा न्यायला आलेय," म्हणत आतल्या खोलीचं दार ढकललं.

मोठे सर छापील नकाशावर तांबड्या पेन्सिलीने खुणा करत होते. त्यांच्या टेबलावर संगणक नव्हता.

"चष्मा बाहेर आहे. घे आणि जा," ते मान वर न करता म्हणाले.

"सर, तुम्ही तपासून घेतलं म्हणालात. म्हणजे तुम्ही स्वतः बघितलंत?"

"मुली, मी माऊस धरला तर बाण पळतो आणि मी त्याच्या मागे. ही पेन्सिल बरी. माझ्या माणसांनी सांगितलं ते मी ऐकलं."

"कोणत्या माणसांनी?"

आता त्यांनी मान वर केली. "तुला वाटतं मला आनंद होतोय? ती माझी सगळ्यात जुनी माणूस आहे. पण खात्याने काम काढून घेतलं तर ही कचेरी बंद होईल. एकीला वाचवू की सगळ्यांना?"

"जिने चूक केलीच नाही तिला वाचवा ना. सोपं पडेल."

"जा म्हटलं ना!"

टाचणी गेली. पण जाताना आत्याच्या टेबलावरचा चष्मा उचलला आणि शेजारीच पडलेला, दोन टाक्यांचा, छापील नकाशाही. त्याच्यावर 'रद्द' असा शिक्का होता. रद्द झालेल्या गोष्टींवर कुणाचा हक्क असतो?

---

घरी जेवणाच्या टेबलावर आत्याचा जुना लॅपटॉप उघडला. त्यात रस्त्याच्या नकाशाची प्रत होती, तिने पूर्वी शाळेची मोजणी करून काढलेल्या रेघांसकट. माऊस टाचणीने घेतला. आत्या नुसती सांगत होती.

"आधी नवी पद्धत सांग. मूळ फोटो आत घे."

फोटो आला. निळे पत्रे, मैदान, टाकी. आणि टाकीवर नेमकं बसलेलं वर्तुळ. एका टाकीची एकच टाकी.

आत्याने श्वास सोडला. "म्हणजे मी..."

"तू बरोबर होतीस. थांब, अजून संपलेलं नाही. आता मुद्दाम चूक करते." टाचणीने फोटो काढून टाकला आणि तोच पुन्हा आत घेताना जुनी पद्धत निवडली.

पडदा रिकामा झाला. फोटो कुठे गेला? त्यांनी नकाशा लहान केला. शाळेची टाकी आता पार बाजाराच्या गल्लीत, दोन-अडीचशे मीटर दूर जाऊन बसली होती.

"आणखी कुठली चूक करता येते?"

"शेजारचा पट्टा निवडता येतो. पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून तिचे उभे पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्याची मोजणी वेगळी असते."

तीही चूक केली. फोटो इतका लांब गेला की शोधायलाच वेळ लागला. शिवाय तिकडे तो किंचित तिरकाही बसला होता.

"आत्या, सभेतला फोटो किती सरकला होता?"

आत्याने छापील नकाशावर पट्टी ठेवली. "पंधराएक मीटर."

"एवढंसं? आणि तिरका?"

"अजिबात नाही. सरळ."

टाचणी गप्प झाली. टाचणी गप्प झाली की घरात घड्याळ ऐकू येतं असं आई म्हणायची. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

टाचणीने कंपासपेटी आणली. फोटोतल्या टाकीच्या मध्यापासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत रेघ मारली. मग फोटोतल्या शाळेच्या कोपऱ्यापासून रेघांच्या कोपऱ्यापर्यंत. मग फाटकापासून फाटकापर्यंत. तिन्ही रेघा सारख्या लांबीच्या, एकमेकींना समांतर. तिने त्या लाल पट्ट्यापर्यंत वाढवल्या आणि गुण्या लावला.

गुण्याचा काटकोन अगदी चपखल बसला. तिन्ही वेळा.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "निर्देशांक पद्धतीला माहीत असतं का, आमच्या गावात रस्ता कुठे होणार आहे ते?"

"तिला कसं माहीत असेल?"

"मग फोटो बरोब्बर रस्त्याला काटकोनात कसा सरकला? रस्ता तर तिरका आहे."

आत्याने तिच्या हातातून गुण्या घेतला आणि स्वतः लावून पाहिला.

"फोटो एकदा आत आला की त्याला हाताने धरून सरकवता येतो?"

"येतो. आणि सरकवला की मागे खूणही राहत नाही."

टाचणीने फोटो पुन्हा नव्या पद्धतीत आणला. टाकीवर टाकी. मैदान पट्ट्याच्या बाहेर गेलं, पूर्ण. मग तिने पट्ट्याची दुसरी बाजू पाहिली. आता लाल रंगाखाली काय आलं होतं ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. एकदम तहान लागली."

---

सोमवारी खात्याच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. डोक्याशी इंजिनिअर, एका बाजूला मोठे सर आणि दाढीकाका, दुसऱ्या बाजूला आत्या. आत्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशात टाचणी. दाराजवळ हाताची घडी घालून घार उभी. ती पेनड्राइव्ह घ्यायला आली होती, आणि मग तिचा पाय निघेना.

"शाळेतली पोर इथे कशाला?" मोठे सर म्हणाले.

"ज्या प्रश्नावरून बैठक आहे तो माझा आहे," टाचणी म्हणाली. "उत्तर ऐकायला आलेय."

इंजिनिअरनी हसू दाबलं. "बसू दे. आत्याबाई, बोला."

आत्या उभी राहिली. "मी चूक केलेली नाही. कशी नाही ते ही सांगेल. कारण शोधलं हिने."

खोलीत खुर्च्या करकरल्या.

"दाढीकाका," टाचणीने सुरुवात केली, "जुनी पद्धत काढून नवी लावली की फोटो टाकीवर बसतो, असं तुम्ही म्हणालात ना?"

"मी? मी तुला पाणी पी म्हणालो." दाढीकाका हसले. "पोरीला काहीतरी ऐकू आलं असेल."

"मलाही तू हेच सांगितलंस," मोठे सर म्हणाले. त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली होती. "या हातांनी करून बघितलं, म्हणालास. त्याच्याच जोरावर मी हिला घरी बसवली."

दाढीकाकांनी दाढी खाजवली. "बरं, म्हणालो असेन. मग?"

"मग आता करून दाखवा," टाचणी म्हणाली. "आत्याने केली म्हणता तीच चूक करा. जुनी पद्धत लावा. टाक्या दोन दिसायला हव्यात, शेजारी शेजारी, सभेत दिसल्या तशा."

घारचा मूळ फोटो लॅपटॉपवर होता. दाढीकाकांनी माऊस घेतला. जुनी पद्धत निवडली. पडदा रिकामा.

"लहान करा," टाचणी म्हणाली. "अजून. हां, ती बघा आमची टाकी. बाजाराच्या गल्लीत."

दाराजवळून घार फिसकन हसली.

"दुसरं काही सेटिंग असेल," दाढीकाका म्हणाले.

"कुठलं?" इंजिनिअरनी विचारलं.

दाढीकाका एकेक सेटिंग उघडून बंद करू लागले.

"तुम्ही जी चूक दुरुस्त करून बघितली म्हणता, ती कधी झालीच नव्हती," टाचणी म्हणाली. "झाली असती तर फोटो बाजारात गेला असता. आमच्या टाकीशेजारी थांबला नसता. म्हणजे तुम्ही काही करून बघितलंच नव्हतं. मग या हातांनी केलं असं का सांगितलंत?"

तिने छापील नकाशा टेबलावर पसरला आणि गुण्या लावला.

"हे बघा, सर. सरकणं रस्त्याला काटकोनात. निर्देशांक पद्धतीला तुमचा रस्ता माहीत नाही, सर. माणसाला माहीत असतो. कुणीतरी फोटो हाताने धरून रस्त्याखालून बाजूला ओढला. अगदी लागेल तेवढाच."

"कुणीही ओढला असेल," दाढीकाका म्हणाले. "पासवर्ड सगळ्यांना पाठ."

"मीही तेच म्हटलं. म्हणून एकेकाला बाजूला काढलं. मोठ्या सरांना माऊस धरता येत नाही. घारताईने ओढला असता तर मूळ फोटो तिने माझ्या हातात दिला नसता. त्याच फोटोने सगळं उघडं पडलं. आणि आत्या? शाळेची मोजणी पूर्वी तिनेच केलेली. टाकीचं ते वर्तुळ तिचं, ते अक्षर तिचं, तो थर तिनेच या नकाशात झाकून ठेवलेला. तिला फोटो सरकवायचा असता तर तिने आधी आपलं वर्तुळ पुसलं असतं. ज्याने सरकवला त्याला तो थर तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, काका. टाकी आली कुठून ते कळत नाही."

"बास झाला हा पोरखेळ," दाढीकाका उठले.

"बसा," इंजिनिअर म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण दाढीकाका बसले. "पण सरकवून मिळवायचं काय होतं?"

टाचणीने लॅपटॉपवर फोटो जागेवर आणला. टाकीवर टाकी. मैदान मोकळं. आणि लाल पट्ट्याखाली निळे पत्रे.

"बर्फाचा कारखाना," इंजिनिअर पुटपुटले.

"तो रस्त्यात आहे. आधीपासून होता. फोटो ओढला तेव्हा तो सुटला आणि त्याच्या जागी आमचं मैदान अडकलं. मोठे सर, तुमच्या कचेरीत पाण्यात बर्फ कोण घालतं? लादीचा फोडलेला, काचेसारखा? मला देताना काका म्हणाले, घरचाच आहे."

मोठ्या सरांनी हळूहळू दाढीकाकांकडे मान वळवली. "तुझ्या सासऱ्यांचा कारखाना."

"हो, सासऱ्यांचा!" दाढीकाकांचा आवाज फाटला. "माणसाने हयात घातली त्या पत्र्यांखाली. मैदान काय, थोडं कमी झालं तर पोरी काय खेळायच्या थांबणार होत्या? कुणाचं काय गेलं असतं?"

"माझं गेलं असतं," आत्या म्हणाली.

ती उभी नव्हती, ओरडली नव्हती. पण खोलीतला प्रत्येक जण तिच्याकडे वळला.

"कारखाना वाचवायचा होता तर उघड मागायचं. अर्ज करायचा, भांडायचं, इथे येऊन ओरडायचं. मी स्वतः तुझ्याबरोबर आले असते. तू माझ्या नावाआड लपलास. मला वाटायला लागलं होतं की माझे डोळे गेले. हे कुठल्या पद्धतीत बसतं, सांग."

दाढीकाकांनी मान खाली घातली. दाढीत चेहरा पुरता बुडाला.

---

पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. मिटवायची घाई मात्र झाली.

संध्याकाळी मोठे सर स्वतः घरी आले. आत्याची नोकरी शाबूत, ते म्हणाले. दाढी उद्यापासून येणार नाही. फक्त कचेरीची अब्रू राहावी म्हणून कागदोपत्री 'संगणकाचा दोष' असं लिहायचं. इंजिनिअर लेखी जबाब मागतायत, ते कुणी द्यायला नको. "आपल्यातलं आपल्यात," असं म्हणून ते चहा न पिता गेले.

जेवणं झाली तरी टेबलावरून कुणी उठलं नाही.

"नोकरी राहिली ना?" बाबा म्हणाले. "मग पुरे. कशाला आणखी वैर?"

"मी सकाळी जबाब देणार आहे," आत्या म्हणाली. "पण माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारेल? आपली चूक झाकतेय म्हणतील. संगणकाचा दोष लिहिलं की लोक मनात माझंच नाव लिहिणार."

"अगं, त्या दाढीने सगळ्यांसमोर कबूल केलंय," आई म्हणाली.

"कागदावर नाही केलेलं, वहिनी. मोठे सर आता म्हणतात, मला काही आठवत नाही."

टाचणी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती टेबलापाशी आली.

"मला आठवतं," ती म्हणाली. "प्रत्येक शब्द आठवतो. दाढीकाका मला काय म्हणाले, मोठे सर बैठकीत काय म्हणाले, सगळं."

"तू यात पडायचं नाहीस," बाबा म्हणाले. "परीक्षा तोंडावर आलीये. उद्या गावात लोक बोट दाखवतील. त्या कारखान्यावरून तू रोज शाळेला जातेस."

"जाईन. मान वर करून जाईन." तिने खुर्ची ओढली आणि आईबाबांच्या समोर बसली. "बाबा, आई, मी ठरवलंय. सकाळी पहिला तास बुडवून मी आत्याबरोबर खात्यात जाणार आणि लेखी जबाब देणार. मी लहान आहे म्हणून खाली घरातल्या मोठ्या माणसाची सही लागते, असं इंजिनिअर म्हणाले. ती सही तुमच्या दोघांपैकी कोण करणार, तेवढं तुम्ही ठरवा. जाणार हे ठरलेलं आहे."